ठोका चालू होता

“मधी एक गाणं बंद पडलं होतं का हो?”

पुण्यातल्या एका पबच्या मागच्या बोळात, रात्री साडेअकराच्या सुमारास, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी हे विचारलं. बँडचं सामान टेम्पोत चढत होतं. पबच्या स्वयंपाकघराच्या पंख्यातून तळणाचा वास बोळात येत होता आणि बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवणारा मुलगा पाठीवर वाद्याची बॅग अडकवून केबलींची वेटोळी करत उभा होता. प्रश्न खास त्याला नव्हता, तो जवळ होता म्हणून त्याला. त्याने हसून विचारलं, “तुम्हाला कसं कळलं, काका?” काका प्लास्टिकच्या खुर्चीतून न हलता म्हणाले, “कळतंय की. ठोका चालू होता, गाणं बंद झालं होतं.”

आत काय झालं होतं ते मला माहीत होतं, मी साउंडवाल्याच्या मिक्सरच्या शेजारीच होतो. दुसऱ्या सेटमधल्या चौथ्या गाण्यात बेसची नऊ व्होल्टची बॅटरी गेली. ज्या बेसमध्ये आतच छोटा प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट, असतो, त्याला ही बॅटरी लागते, आणि केबलीचा जॅक आत खुपसला की ती चालू होते. वाजवा नाहीतर नका वाजवू. तालमीनंतर केबल तशीच लावून बेस भिंतीला टेकवून ठेवला, की साधारण तीन आठवड्यांत चांगली बॅटरी मरते. मरताना ती आधी सांगते, हे बेसवाले जाणतात: जोरात मारलेले सूर आधी फाटायला लागतात, जुन्या रेडिओसारखे, मग आवाज खाली बसतो, मग काहीच नाही. काही बेसवर प्रीअँप वगळायचं बटण असतं, ते दाबलं की काम भागतं. या बेसवर नव्हतं. मागच्या झाकणाचे दोन स्क्रू काढायचे, जुनी बॅटरी ओढायची, नवी बसवायची, आणि हे सगळं अंधारात, गुडघ्यावर. दीड मिनिट गेलं. तेवढ्या वेळात गायक गात होता, ड्रम चालू होते, कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने खालचे सूर धरले. गाणं संपलं, टाळ्या पडल्या. टेबलांवरच्या कुणाचीही मान वळली नाही.

आतल्या सत्तर-ऐंशी लोकांना जे कळलं नाही, ते भिंतीपलीकडच्या एका माणसाला कळलं.

याचं मला नवल वाटायचं कारण नव्हतं, असं आता वाटतं. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हे विसर्जनाच्या रात्री कळलेलं असतं. पथकाच्या जवळ उभं राहिलं की ताशा कान फोडतो, ढोल असतो पण ताशाच्या मागे. तेच पथक चार गल्ल्या पलीकडे गेलं की ताशा पुसला जातो आणि ढोलच तेवढा छातीपाशी येत राहतो. भिंतीचा नियम तोच आहे. आवाजाची कंपनं निम्मी केली की भिंत त्याला साधारण सहा डेसिबल कमी अडवते. गायकाचे ‘स’ आणि ‘च’, झांजांची किणकिण, गिटारची किंकाळी, हे सगळं विटांमध्ये आणि काचेत मरतं. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते, म्हणजे हवेत तिची एक लाट सत्तावीस-अठ्ठावीस फूट लांब. नऊ इंची भिंत तिच्यापुढे काय. ती बाहेर येते, गेटवरची केबिन ओलांडते, तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी थरथरवते. आणि गंमत अशी, की ज्या हॉलमध्ये ती जन्मते तिथे ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. तो हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत साधारण २१ फूट आहे. ए हा सूर, पेटीवरची आपली पांढरी सहा, बेसवर ५५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनांनी, वाजतो, त्याची लाटही जवळपास तेवढ्याच लांबीची. त्यामुळे तो सूर दोन्ही भिंतींना आणि बरोबर मधोमध घुमतो, आणि दोन्ही भिंतींपासून सव्वापाच फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. नेमकी तिथेच टेबलांची ओळ आहे. म्हणजे पैसे देऊन बसलेल्यांना पांढरी सहा ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वेटरच्या पोटात ती ढवळते. शहाणा साउंडवाला अशा वेळी बेसचा आवाज वाढवत नाही. तो ५५ च्या आसपास तीन-चार डेसिबल काढतो आणि ७००-८०० हर्ट्झला थोडं घालतो, म्हणजे सूर कळायला लागतो. अडाणी साउंडवाला बेसचं बटण वर सरकवतो. मग वेटर आजारी पडतो आणि टेबलांना तरीही काही कळत नाही.

दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या, म्हणजे कव्हर बँडमधल्या, बेसवाल्याचं आयुष्य असं असतं: पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट, एकेका सेटला दहा-बारा गाणी, आणि त्यातली निम्मी कुणा दुसऱ्यानेच निवडलेली. तो उभा कुठे राहतो? ड्रमरच्या डाव्या हाताला, हाय-हॅट, म्हणजे ड्रमची जोडझांज, आणि भिंतीच्या मधल्या दीड फुटात. ही जागा कुणी दिलेली नसते, गरजेची असते, कारण तिथून ड्रमरचा पाय दिसतो. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बेस एकाच क्षणी पडले तर दोन्ही मिळून एक वाद्य होतं. थोडं मागेपुढे झालं, की दोघंही ढिले वाटतात आणि दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. त्या जागेची किंमत कान देतो. हाय-हॅट कानापासून हातभर अंतरावर, रोज सव्वादोन तास. कानात बोळे न घालता पाच वर्षं तिथे उभं राहिलेल्यांपैकी कित्येकांना रात्री उशीवर डोकं टेकलं की शिट्टी ऐकू येते, आणि ती बंद करायचं बटण नसतं.

गाणी बसवताना बेसवाल्याकडे कुणी बघत नाही, हे खरं असलं तरी त्याचं रडगाणं गायचं कारण नाही. हिंदी सिनेमाच्या जुन्या गाण्यांत बेसला जे काम आहे ते पाहून हेवी मेटल, म्हणजे जड कर्कश रॉक, वाजवणारा पोरगाही नमतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार सांभाळणारे टोनी वाझ यांच्या ओळी वाजवायला घेतल्या की कळतं, की हा माणूस फक्त पहिला सूर धरून बसलेला नाही. तो गाण्याच्या खालून दुसरं गाणं म्हणतोय. अशी गाणी पबमध्ये वाजवायची तर बेसवाले तारेखाली, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजपाशी, स्पंजचा तुकडा सरकवतात आणि अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवतात. सूर जन्मतो आणि लगेच मिटतो, लाकडावर मुठीने हलकं ठोकावं तसा. नव्या गाण्यांचं उलट. तिथे मुळात संगणकातून आलेला लांबलचक खर्ज असतो, बऱ्याचदा ४१ हर्ट्झच्याही खाली उतरलेला, त्याला चार तारांचा बेस पुरत नाही. पाचवी तार लागते, ३१ हर्ट्झची, आणि ती पबच्या बारा इंची स्पीकरमधून निघतच नाही. निघतात त्या तिच्या वरच्या पटी, ६२ आणि ९३. कान त्यांच्यावरून खालचा सूर स्वतःच रचून घेतो. म्हणजे जो सूर हवेत जवळजवळ नाहीच, त्यासाठी माणूस पाचव्या तारेचं ओझं खांद्यावर वागवतो.

मग गायिका येते आणि म्हणते, “आज घसा बसलाय, काळी पाचवरून काळी चार करू या ना.” गिटारवाला मानेवरचा चिमटा, कॅपो, हलवतो, कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं बटण दाबतो. बेसवाला मान डोलावतो आणि मनातल्या मनात दोन तास घोटलेलं गाणं दोन घरं खाली ढकलतो. खुल्या तारा ज्या जागी येत होत्या त्या आता बोटांनी दाबायच्या.

याच काळी-पांढरीच्या हिशेबात मला मेटलचा उगम सापडतो, आणि तो आपल्या गाणाऱ्यांना ऐकवला की ते हसतात. बर्मिंगहॅमचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, आणि पुढे तारा ढिल्या करत नेल्या. ज्याला आपण ब्लॅक सॅबथ म्हणतो, तो त्याचा बँड आधी दुसऱ्यांची ब्लूज गाणी वाजवणारा बँड होता, हे विसरू नये. कव्हर बँडच. १९७१ च्या त्यांच्या तिसऱ्या रेकॉर्डवर काही गाणी तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवलेली आहेत. गिटारचा ई उतरून सी शार्प झाला. सी शार्प म्हणजे काळी एक. आपल्याकडे कितीतरी पुरुष गायकांचे तानपुरे याच काळी एकला लावलेले असतात. जखमी बोटांना सोपं जावं म्हणून सापडलेला सूर आणि गळ्याला मानवतो म्हणून धरलेला सूर, दोन्ही एकाच पट्टीवर येऊन बसले. त्यांचा बेसवाला गीझर बटलर मूळचा साथीची गिटार वाजवणारा, त्यामुळे तो बेसवरही गिटारचा रिफच, म्हणजे परत परत येणारी ओळ, खाली धरून चालतो, आणि मधेच सुटून भटकून येतो. मेटलचा जडपणा नुसत्या आवाजातून येत नाही. तो दोन वाद्यं एकाच ओळीवर, आठ सुरांच्या अंतराने, खांद्याला खांदा लावून चालण्यातून येतो.

काळी एकचं हे प्रकरण कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात बेसची ०.१०५ इंच जाडीची तार ई ला लावली की तिच्यावर साधारण १८ किलोचा ताण असतो. तीन अर्धे सूर उतरवले की ताण तीस टक्क्यांनी घटतो, पावणेतेरा किलोच्या आसपास येतो. तार मग दोरीसारखी लोंबते, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते, आणि जोरात मारली की सूर आधी वर जातो मग जागेवर येतो. चारी तारा उतरवल्या तर आणखी भानगड: पाऊणशे किलोंच्या ओढीला तोलून धरणारी मान अचानक मोकळी होते, मागे झुकते, आणि पहिल्या चार-पाच घरांत सगळे सूर खरखरतात. आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवायची नाही, आणि फिरवल्यावर लाकडाला बसायला वेळ द्यायचा. दोन गाण्यांच्या मधल्या वीस सेकंदांत हे होणारं काम नाही. म्हणून मेटल वाजवायचं तर दुसरा बेस हवा, जाड तारांचा, तसाच लावून ठेवलेला. कव्हर बँडच्या मानधनात दुसरा बेस बसवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. पावसाळ्यात तर एकच बेस सांभाळता सांभाळता पुरेवाट होते. लाकूड दमट हवा पितं, मान वाकते, जूनमध्ये लोण्यासारखा चालणारा बेस जुलैत हाताला बोचतो. बघायची रीत सोपी आहे: पहिलं घर आणि शेवटचं घर एकदम दाबायचं, आणि सातव्या घरावर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतं का पाहायचं.

तारांचंही तसंच दुहेरी आयुष्य. मेटलला नव्याकोऱ्या स्टीलच्या तारा हव्यात, पिक, म्हणजे छेडायची प्लास्टिकची पट्टी, लागली की खण्णकन वाजणाऱ्या. जुन्या हिंदी गाण्यांना मेलेल्या तारा हव्यात, वर्षभर घामात मुरलेल्या. एकाच बेसवर दोन्ही होत नाही, म्हणून निकेलच्या तारा घ्यायच्या आणि दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलायचं. हौशी लोक जुन्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळतात. मळ निघतो, चमक परत येते, आठवडाभर टिकते. घरच्या मंडळींना मात्र ते पातेलं कुठलं, हे आधी विचारून घ्यावं.

मग इतका खटाटोप करून मेटलचंच प्रेम का? पबमध्ये ज्याला पहिला सूर धरून उभं राहायचं असतं, त्याला घरी हेडफोन लावून धावायचं असतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. आणि धावायचं म्हणजे अक्षरशः. आयर्न मेडन या बँडचा जनक आणि कर्ता बेसवाला आहे, स्टीव्ह हॅरिस, आणि त्याच्या दोन बोटांची चाल ही घोड्याची आहे. एक आखूड सूर, त्याच्या मागे त्याच्याही निम्मे दोन. आपल्याकडे लहान मुलं मांडीवर बसून ज्याला टबडक टबडक म्हणतात, तेच, फक्त फोड उलटी: डक-टब, डक-टब. तर्जनी आणि मधलं बोट, पिक नाही. शिकताना सगळे एकच चूक करतात, जोर लावतात. जोर लावला की चाळीस सेकंदांत मनगटापासून कोपरापर्यंत शिसं भरतं. बोट तारेत खोल घालायचं नाही, वरच्यावर घासून पुढच्या तारेवर टेकवायचं, आणि ताकद अँपकडे सोपवायची. आधी मिनिटाला शंभर ठोक्यांवर दहा मिनिटं न थांबता, मग रोज चार ठोके वर. मेडन १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, आणि त्यानंतर कित्येक तालीमखोल्यांत ही टबडक घुमायला लागली, असं त्या पिढीतले बेसवाले सांगतात. पबच्या सेटमध्ये तिला जागा नाही. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवताना, मात्र असते. साउंडवाला म्हणतो, “बेस द्या,” आणि त्या अर्ध्या मिनिटात बेसवाल्याला हवं ते वाजवता येतं. कुठलाही कव्हर बँड ऐकायचा असेल तर साउंडचेकला जावं. कुणाचं मन कुठे आहे ते तिथे कळतं.

मेडनच्या पुढे गेलं की खेळ शरीराचा राहत नाही, भौतिकशास्त्राचा होतो. मिनिटाला १८० ठोके, आणि ड्रमरचे दोन्ही पाय प्रत्येक ठोक्याला चार वेळा: सेकंदाला बारा किक. बेसवाल्याने तेवढेच सूर मारायचे ठरवले तर एका सुराला ८३ मिलिसेकंद मिळतात. जाड तारेचं एक कंपन पूर्ण व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक सुराच्या वाट्याला जेमतेम साडेतीन हेलकावे. एवढ्यात कानाला सूर नीट ओळखता येत नाही, त्याला बहुतेक ‘टक्’ ऐकू येतं. कॅनिबल कॉर्प्स या बँडचा अॅलेक्स वेबस्टर त्यासाठी तीन बोटं वापरतो. बाकीचे जाड पिक घेतात आणि त्या ‘टक्’लाच धार काढतात. आवाज दोन भागांत तोडायचा: अडीचशे हर्ट्झच्या खालचा स्वच्छ ठेवायचा, वरच्यात डिस्टॉर्शन घालून तो फाडायचा, मग दोन्ही जोडायचे. सगळ्यालाच डिस्टॉर्शन घातलं तर खालचं पोट निघून जातं आणि बेस बारीक गिटारसारखा कुरकुरतो. मोटरहेड या बँडच्या लेमीने तर बेस मार्शल अँपमध्ये घालून सरळ फाडला होता, आणि तोही मुळात साथीचाच गिटारवाला. मेटलमधल्या मोठ्या बेसवाल्यांत गिटारवरून आलेले इतके का, याचं उत्तर मला सोपं वाटतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बेसने खाली मान घालून राहायचं असतं.

तरीही मान खाली घालायला लावतातच. मेटलचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेटॅलिका या बँडचं. त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि त्याच्यासह निघालेल्या १९८८ च्या पहिल्या पूर्ण रेकॉर्डवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. बँडमधल्या दोघांनी मिक्सिंगच्या वेळी तो खाली आणायला लावला. त्यात न्यूस्टेड पिकने गिटारचेच रिफ जसेच्या तसे वाजवत होता, आणि गिटारांच्या आवाजातून मधला भाग कोरून काढून तळ फुगवलेला. एकाच बाकावर दोघं बसले, मोठ्याने रेटलं. लोकांनी पुढे स्वतःच बेस वर काढून त्या गाण्यांच्या आवृत्त्या केल्या. तरुण बेसवाले ही रेकॉर्ड अजून घोटतात. जे ऐकू येत नाही ते बसवायचं म्हणजे गिटारवरून अंदाज बांधायचा. मला वाटतं, कव्हर बँडच्या नोकरीसाठी याहून चांगली तालीम नाही.

आणि वीज. विजेबद्दल न बोलता बेसवर लिहिणं म्हणजे भाकरीवर लिहून तव्याला विसरणं. पबमधल्या एकाच फेजवर फ्रीज, दिवे, डीप फ्रायर आणि बँड असतो. अर्थिंग बरोबर नसेल तर बेसमधून घरघर येते. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या घरात जी वाजतो, ४९ हर्ट्झला. म्हणजे पांढरी पाचचं गाणं असेल तर घरघर आणि तो सूर सेकंदाला एक हेलकावा घेत एकमेकांभोवती फिरतात, पाळणा हलावा तसे. अमेरिकेत वीज ६० ची, तिथे पांढरी पाचला हा पाळणा हलत नाही. बेस आणि मिक्सर यांच्या मधल्या डबीवरचं, डीआय बॉक्सवरचं, ग्राउंड तोडायचं बटण दाबलं की बहुतेक वेळा ते जातं. नाही गेलं तर ड्रमर म्हणतो, “आज पांढरी पाच नको.”

काकांच्या वाक्याकडे परत येतो, कारण ते मला अजून सुटलेलं नाही. रात्री दहानंतर निवासी भागात आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, दिवसा ५५ च्या. हा नियम सर्वांना पाठ आहे. पण ते डेसिबल ‘ए’ वजनाचे, म्हणजे माणसाच्या कानाला हळू आवाज जसे ऐकू येतात त्या हिशेबाने मोजलेले. या हिशेबात ४० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून मीटर चौतीस-पस्तीस डेसिबल सरळ वजा करतो. तक्रार आली, मीटर घेऊन माणूस गेटवर उभा राहिला, तर त्याच्या आकड्यात बेस जवळजवळ नसतोच. मीटर बघतो रस्त्यावरची रिक्षा, भुंकणारं कुत्रं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात धडधड होतेय, मीटर म्हणतो काही नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. आत टेबलाला बेस ऐकू येत नाही, बाहेर मीटरला ऐकू येत नाही, आणि ज्याला तो ऐकू येतो त्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही. काकांनी गेली दीड-दोन वर्षं शुक्रवार-शनिवार हेच ऐकलं असणार. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता तळ. त्या तळावरून ते गाणी ओळखायला लागले असतील आणि कुठलं कधी संपतं तेही. त्यांच्या लेखी तो मुलगा साथीला नव्हता.

पुढच्या महिन्यात तोच बँड परत आला. साउंडचेक आठला होता, काका नुकतेच ड्यूटीवर आले होते, डबा अजून उघडलेला नव्हता. गिटारवाला ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आत फक्त ड्रमर आणि बेस. मी मुद्दाम आत न जाता चहा घेऊन गेटपाशी थांबलो. आधी किक आली, एकटी, मग थोडी शांतता, मग बेस. काळ्या काचेतून आणि भिंतीतून गाळून आलेला, कडा नसलेला, उशीखाली कुणी बोलावं तसा. दोन-तीन ओळी ओळखीच्या सिनेमाच्या, आणि मग, साउंडवाल्याने खूण केली असावी, टबडक सुरू झाली. ई वर चार आवर्तनं काही झालं नाही. ए वर गेल्याबरोबर केबिनच्या खिडकीतल्या स्टीलच्या डब्याचं झाकण खुळखुळायला लागलं, त्याच दुडक्या चालीत.

काकांनी झाकणावर तळहात ठेवला, पण दाबला नाही. “हे घोड्याचं नवीन बसवलंय वाटतं,” ते म्हणाले.

तेवढ्यात पबचं मागचं दार उघडलं. गिटारवाला पोचला होता, प्लग करून त्याने एक लांब किंकाळी फोडली होती, ती सगळीच्या सगळी बोळात आली. काका दाराकडे बघून म्हणाले, “हे काय मधीच?” दार लागलं. झाकण अजून खुळखुळत होतं.